रक्त न सांडता खुबा बसवणारा डॉक्टर: अडॉल्फ लॉरेन्झ यांची गोष्ट आजही का महत्त्वाची आहे?

ऑक्टोबर १९०२. अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका डॉक्टरची वाट पाहिली जात होती. ते थेट युरोपातल्या व्हिएन्नाहून येणार होते. पेशंट होती पाच-सहा वर्षांची मुलगी, लोलिता आर्मर. तिचे वडील जे. ऑग्डन आर्मर हे अमेरिकेच्या मांसउद्योगातलं बडं प्रस्थ. घरात पैशाला तोटा नव्हता, पण मुलीच्या मांडीचं हाड जन्मापासून खुब्यात बसलेलं नव्हतं आणि ती लंगडत चालायची.

व्हिएन्नाहून आलेल्या डॉक्टरांनी सुरी हातात घेतलीच नाही. मुलीला भूल दिली, तिची मांडी दोन्ही हातांनी ओढली, वळवली, बाजूला फाकवली आणि निसटलेलं हाड जागेवर बसवलं. मग प्लास्टर घातलं. रक्ताचा थेंब न सांडता हे झालं म्हणून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली.

या डॉक्टरांचं नाव अडॉल्फ लॉरेन्झ. कापाकापी नको, टाके नकोत, तरीही मूल चालू लागावं, ही त्यांच्या उपचाराची ओळख होती.

आज खुब्याच्या दुखण्यासाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. तिथेही पेशंटला हेच आकर्षण असतं: छोटी छिद्रं, कमी त्रास, लवकर घरी. पण खुब्याची वाटी जन्मापासून उथळ असेल, तर ही शस्त्रक्रिया किती टिकते? या प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायला लॉरेन्झ यांच्या आयुष्याइतकी चांगली गोष्ट दुसरी नाही.

आधी खुबा समजून घेऊ

मांडीचं हाड कमरेच्या हाडाला जिथं जोडलेलं असतं, तो सांधा म्हणजे खुबा. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो आणि कमरेच्या हाडात त्याच्यासाठी खोलगट वाटी असते. गोळा वाटीत नीट बसलेला असेल तर चालणं, पळणं, जिना चढणं, मांडी घालून बसणं सगळं सुरळीत होतं.

काही बाळांमध्ये ही वाटी पुरेशी खोल होत नाही. वाटीऐवजी बशी असावी तशी ती उथळ राहते. याला हिप डिस्प्लेसिया म्हणतात. दोष किरकोळ असेल तर गोळा जागेवर राहतो, पण वाटीच्या काठावर भार वाढतो. दोष मोठा असेल तर गोळा वाटीतून पूर्ण बाहेर निसटतो. मुलींमध्ये, पहिल्या बाळात, पायाळू बाळात आणि घरात कुणाला हा त्रास असेल तर याचं प्रमाण जास्त आढळतं.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की बाळाची वाटी बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते. गोळा तिच्यात नीट बसलेला राहिला तर वाटी त्याच्याभोवती आकार घेते. गोळा बाहेर राहिला तर वाटी उथळच राहते. म्हणजे वाटी घडवायला एक ठरावीक काळ मिळतो. वाढ पूर्ण झाली की तो संपतो.

कार्बोलिकनं बदललेलं करिअर

अडॉल्फ लॉरेन्झ यांचा जन्म २१ एप्रिल १८५४ रोजी वायडेनाऊ या छोट्या गावात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या सायलेशिया प्रांतात होतं. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचं नाव विदनावा आहे. घरची परिस्थिती बेताची होती. ऑस्ट्रियातल्या एका ख्रिस्ती मठात गाणाऱ्या मुलांच्या चमूत त्यांना जागा मिळाली आणि त्यामुळे शिक्षणाची वाट मोकळी झाली. पुढे ते व्हिएन्नाला गेले आणि १८८० साली डॉक्टर झाले.

व्हिएन्ना तेव्हा जगातल्या वैद्यकीय शिक्षणाचं मोठं केंद्र होतं. लॉरेन्झ तिथं एडुआर्ड आल्बर्ट या नामवंत सर्जनचे सहाय्यक झाले. हुशार होते, मेहनती होते, सर्जन म्हणून नाव कमावणार असं दिसत होतं. पण त्यांचे हात आडवे आले.

त्या काळात जखम चिघळू नये म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बोलिक ॲसिडचा सढळ वापर व्हायचा. सर्जनचे हात, अवजारं, पट्ट्या सगळं त्यात भिजवलेलं असायचं. लॉरेन्झ यांच्या त्वचेला हे कार्बोलिक सोसेना. हातांवर इसब उठायचं, कातडी फाटायची. सर्जनच्या दृष्टीनं हे करिअर संपण्यासारखंच होतं.

तेव्हा आल्बर्ट यांनी त्यांना दुसरी वाट सुचवली. ओल्या शस्त्रक्रियेत जमत नसेल तर कोरडी करून पाहा, असा तो सल्ला होता. म्हणजे वाकडे पाय, वाकडा कणा, निसटलेले सांधे हे सगळं हातांनी, पट्ट्यांनी आणि प्लास्टरनं सरळ करायचं. तेव्हा अस्थिरोग ही शाखा सर्जरीच्या कोपऱ्यात पडलेली होती. नाइलाजानं पत्करलेल्या याच कोपऱ्यात लॉरेन्झ यांनी नाव कमावलं. जन्मतः वाकडी असणारी पावलं, सपाट तळवे, पाठीचा बाक यांवर त्यांनी काम केलं आणि लिहिलं.

आधी सुरी, मग हात

जन्मतः निसटलेला खुबा हा तेव्हा जवळपास असाध्य मानला जायचा. १८९० साली जर्मनीतल्या आल्बर्ट होफा यांनी सांधा उघडून, वाटी कोरून खोल करून गोळा आत बसवायची शस्त्रक्रिया मांडली. लॉरेन्झ यांनीही या शस्त्रक्रियेत आपल्या पद्धतीनं बदल केले आणि ती करायला सुरुवात केली. दरम्यान शस्त्रक्रियेच्या खोलीत कार्बोलिकऐवजी उष्णतेनं निर्जंतुक करण्याची पद्धत रुळू लागली होती.

१८९५ साली त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. ते शस्त्रक्रिया केलेल्या १०० रुग्णांच्या अनुभवावर आधारलेलं होतं. म्हणजे पुढे बिनरक्ताचे सर्जन म्हणून गाजलेल्या माणसानं आधी सुरी चालवून पाहिली होती. जंतुसंसर्ग आणि सांधा आखडणं हे उघड्या शस्त्रक्रियेचे धोके त्यांना माहीत होते.

त्यानंतर ते हातांनी हाड बसवण्याकडे वळले. इटलीतल्या पिसा शहरातले डॉक्टर आगोस्तिनो पाची हे त्यांच्याआधीच अशा प्रकारे हात चालवत होते. त्यामुळे श्रेय कुणाचं यावर वादही झाला. पण ही पद्धत जगभर गेली ती लॉरेन्झ यांच्या नावानं.

पद्धत साधारण अशी होती. मुलाला पूर्ण भूल द्यायची. मांडीच्या आतले आखडलेले स्नायू दाबून, ताणून सैल करायचे. मग मांडी वर दुमडून बाहेरच्या बाजूला फाकवायची आणि गोळा वाटीच्या काठावरून आत ढकलायचा. तो आत जाताना खट्कन जाणवायचं. त्यानंतर मांड्या काटकोनात वर आणि काटकोनात बाहेर, म्हणजे बेडकासारख्या अवस्थेत ठेवून कंबरेपासून प्लास्टर घालायचं. ते कित्येक महिने राहायचं.

लॉरेन्झ यांचा आग्रह असायचा की मुलानं प्लास्टरमध्येच उभं राहावं, जमेल तसं चालावं. शरीराचा भार गोळ्यावर आला की गोळा वाटीला आतून दाबेल आणि वाटी खोल होईल, हा त्यामागचा विचार. म्हणजे सांधा बसवणं एवढाच त्यांचा हेतू नव्हता, निसर्गाकडून वाटी घडवून घेणं हाही होता. हा मूळ विचार आजही बरोबर मानला जातो.

शिकागोची कीर्ती, पहिल्या महायुद्धाचा फटका

लोलिता आर्मरच्या उपचारानंतर लॉरेन्झ अमेरिकेतल्या अनेक शहरांत गेले. तिथल्या डॉक्टरांसमोर त्यांनी प्रात्यक्षिकं केली आणि गरीब घरांतल्या मुलांवर मोफत उपचार केले. ते जातील तिथं अपंग मुलांना घेऊन आलेल्या आईबापांची गर्दी व्हायची. लोलिता पुढे चालू लागली, मोठी झाली, तिचं लग्न झालं.

व्हिएन्नाजवळ डॅन्यूब नदीकाठच्या आल्टेनबर्ग गावात लॉरेन्झ यांनी मोठं घर बांधलं. १९०३ साली, त्यांच्या वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांना दुसरा मुलगा झाला. हा मुलगा म्हणजे कॉनराड लॉरेन्झ. बदकांच्या आणि हंसांच्या पिल्लांच्या वागण्याचा अभ्यास करून त्यानं पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळवलं. थोरला मुलगा आल्बर्ट वडिलांप्रमाणेच अस्थिरोगतज्ज्ञ झाला.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचं साम्राज्य कोसळलं. चलनाची किंमत इतकी घसरली की आयुष्यभराची शिल्लक कवडीमोल झाली. लॉरेन्झ यांचीही झाली. १९२१ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, ते पुन्हा कमाईसाठी न्यूयॉर्कला पोचले. पेशंटनी गर्दी केली, पण तिथल्या काही डॉक्टरांनी विरोधही केला. १९०२ सारखं स्वागत या वेळी झालं नाही.

क्ष-किरणांनी दाखवलेली दुसरी बाजू

१८९५ च्या अखेरीस विल्हेल्म रॉन्टगेन यांनी क्ष-किरणांचा शोध जाहीर केला. लॉरेन्झ यांची पद्धत आणि एक्स-रे जवळपास एकाच वेळी दवाखान्यात आले. आता मूल चालतंय का, एवढंच पाहून भागणार नव्हतं. गोळा खरोखर वाटीत आहे का, तो नीट वाढतोय का, हे फोटोत दिसू लागलं.

पुढच्या काही दशकांत जे दिसलं ते अडचणीचं होतं. अनेक मुलांत गोळा जागेवर राहिला आणि ती मुलं चांगली चालू लागली. पण काहींत तो प्लास्टर काढल्यावर पुन्हा निसटला. काहींत वाटी अपेक्षेइतकी खोल झालीच नाही. आणि काहींत गोळाच खराब झाला. मांडी जोर लावून काटकोनात फाकवून तशीच डांबून ठेवली की गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात. रक्त न मिळालेला गोळा चपटा होतो, झिजतो. अशा मुलांना तरुणपणीच खुब्याचा संधिवात गाठायचा. मोठ्या वयाच्या मुलांत हाड बसवताना मोडणं, नसांना इजा होणं असेही प्रकार घडायचे.

म्हणजे कातडीवर एकही छेद नव्हता, तरी आत दुखापत होत होती. बिनरक्ताचा उपचार आणि बिनधोक उपचार या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. शिवाय खरा निकाल प्लास्टर काढल्यावर लागत नव्हता, तो वीस-तीस वर्षांनी लागत होता.

लॉरेन्झ यांच्या विचारातलं योग्य ते पुढच्या डॉक्टरांनी ठेवलं आणि जोरजबरदस्ती सोडली. इटलीच्या मारिनो ऑर्तोलानी यांनी १९३० च्या दशकात नवजात बाळाच्या मांड्या हळूच फाकवून निसटलेला खुबा ओळखण्याची तपासणी मांडली. ती आजही प्रसूतिगृहात केली जाते. चेक डॉक्टर अर्नोल्ड पावलिक यांनी १९४० च्या दशकात मऊ पट्ट्यांचा साज तयार केला. त्यात बाळाचे पाय दुमडलेले आणि फाकलेले राहतात, पण बाळ पाय हलवू शकतं. अडॉल्फ लॉरेन्झ यांचं निधन १२ फेब्रुवारी १९४६ रोजी आल्टेनबर्गला झालं. ते ९१ वर्षांचे होते. कॉनराड त्या वेळी सोव्हिएत रशियाच्या कैदेत होता.

आपल्याकडे बाळाला कडेवर घेतात तेव्हा त्याच्या मांड्या आपोआप दुमडलेल्या आणि फाकलेल्या असतात. खुब्याच्या वाढीला ही ठेवण चांगली. उलट, दुपट्यात पाय सरळ करून करकचून गुंडाळणं खुब्यासाठी वाईट. गुंडाळायचंच असेल तर कमरेखाली सैल ठेवावं.

मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया कुठं बसते?

लॉरेन्झ हयात असतानाच या शस्त्रक्रियेचं बीज पडलं होतं. १९३१ साली न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली, त्यात खुबाही होता. १९३९ साली जपानच्या केंजी ताकागी यांनी रुग्णांच्या खुब्यात दुर्बीण घातल्याची नोंद केली. पण खुबा खोल आणि घट्ट सांधा. त्यामुळे ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थानं पसरली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस.

यात पेशंटचा पाय यंत्रानं ओढून सांध्यात थोडी फट केली जाते. साधारण सेंटीमीटरभराच्या दोन-तीन छिद्रांतून कॅमेरा आणि अवजारं आत जातात. वाटीच्या काठावर लेब्रम नावाची रबरी वायसरसारखी कूर्चेची कड असते. ती फाटली असेल तर शिवता येते.

वाटी उथळ असलेल्या पेशंटमध्ये ही कड जास्त भार सोसते. आधी ती जाड होते आणि मग फाटते. बहुतेकदा तरुण वयात, विशेषतः बायकांना, जांघेत दुखू लागतं. एमआरआयमध्ये कड फाटलेली दिसते आणि वाटतं की ती शिवली की काम झालं. पण कड फाटली ती वाटी उथळ होती म्हणून. दुर्बिणीतून कड शिवता येते, वाटी खोल करता येत नाही.

इथं एक मोजमाप कामाला येतं. १९३९ साली स्वीडनच्या गुन्नार विबर्ग यांनी एक्स-रेवर वाटी गोळ्याला किती झाकते, ते कोनात मोजायची रीत दिली. हा कोन २५ अंशांहून जास्त असेल तर वाटी सर्वसाधारण, २० हून कमी असेल तर डिस्प्लेसिया आणि मधला पट्टा सीमारेषेवरचा.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे निकाल याच कोनाभोवती फिरतात. २००९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डिस्प्लेसिया असलेल्या रुग्णांचा एक सावध करणारा अभ्यास छापला. फक्त दुर्बिणीतून कड दुरुस्त केलेल्या बहुतेकांचं दुखणं थांबलं नव्हतं. काहींचा संधिवात वेगानं वाढला आणि काहींत गोळा जागेवरून सरकला. उथळ वाटीत कड आणि सांध्याचं आवरण हेच गोळ्याला आधार देत असतात. कड कापून टाकली किंवा आवरण उघडं सोडलं तर तोही आधार जातो.

दुसरीकडे, २०१३ साली अमेरिकेतूनच आलेल्या एका छोट्या अभ्यासात १८ ते २५ अंशांच्या पट्ट्यातले रुग्ण निवडले होते. त्यांची कड कापण्याऐवजी शिवली आणि आवरण टाके घालून घट्ट केलं. दोन वर्षांनी त्यातल्या बहुतेकांना चांगला फरक पडलेला होता.

म्हणजे नेमका रुग्ण निवडला आणि नेमकं तंत्र वापरलं तर ही शस्त्रक्रिया उपयोगी आहे. पण वाटी खरोखर उथळ असेल तर ती एकटी पुरत नाही. तिथं वाटीचीच दिशा बदलावी लागते. त्यासाठी १९८४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शस्त्रक्रिया सुरू केली. यात वाटीभोवतीचं हाड कापून वाटी सुटी करतात, गोळ्याला नीट झाकेल अशी फिरवतात आणि स्क्रूनं बसवतात. ही मोठी शस्त्रक्रिया आहे, छेद मोठा आणि बरं व्हायला वेळही जास्त लागतो. पण बर्नमधल्या पहिल्या ७५ खुब्यांचा २० वर्षांनी आढावा घेतला तेव्हा ६० टक्के खुबे अजून मूळचेच, न बदललेले होते. कमी वय आणि सांधा फारसा झिजलेला नसणं, या दोन गोष्टी असतील तर निकाल चांगला लागतो. आज काही ठिकाणी या शस्त्रक्रियेला दुर्बिणीची जोड देऊन कड शिवली जाते आणि वाटीही फिरवली जाते. सांधा फारच झिजला असेल तर शेवटी खुबा बदलावा लागतो.

लॉरेन्झ यांच्याकडून आज काय घ्यायचं?

लॉरेन्झ यांनी १९३६ साली इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं. त्याच्या नावात एका हरवलेल्या हातमोज्याचा शोध आहे. लहानपणी त्यांना रस्त्यात एक हातमोजा सापडला. आनंदानं तो घेऊन ते घरी आले, तेव्हा आईनं त्यांना जाणीव करून दिली की एका मोज्याचा उपयोग नाही, दुसराही शोधावा लागेल. ही आठवण त्यांनी जन्मभर जपली.

खुब्याच्या उपचारात निसटलेलं हाड बसवणं किंवा फाटलेली कड शिवणं हा एक मोजा झाला. वाटीचा आकार हा दुसरा. पहिला सापडला की हायसं वाटतं, पण खुबा पुढची तीस वर्षं चालणार की नाही, हे दुसऱ्यावर ठरतं.

म्हणून खुब्यासाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर छेद किती मोठा असेल हे विचारण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर वाटीचा कोन किती आहे? सांध्याची झीज किती झाली आहे? कड शिवणार की कापणार, आणि आवरण बंद करणार का? माझ्यासारख्या वाटीच्या रुग्णांचा दोन वर्षांनंतरचा आणि दहा वर्षांनंतरचा अनुभव काय आहे? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की छिद्र छोटं की छेद मोठा, हा निर्णय घेणं बरंच सोपं होतं.